दिव्यावर लक्ष

धुळ्यात खोली बघायला गेलो तेव्हा अक्कांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. पायरीवर बसून त्या शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लायसन शे का?"

मला वाटलं घरमालकीण ओळखपत्र मागतेय, म्हणून मी आधारकार्ड पुढे केलं.

"हाई नको. गाडीनं."

मी गाडी चालवायचं लायसन दाखवलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून मुदत वाचली, हातातल्या शेंगा सुपात टाकल्या आणि उठल्या. "खोली वर शे, गाडी खाले शे. पहिले गाडी देख."

तर अशा रीतीनं मी आधी गाडी पाहिली आणि मग खोली. गाडी छोटी, पांढरी, चौकोनी तोंडाची, तिशी ओलांडलेली. अक्कांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली नाना म्हणायची, त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. नाना वीजखात्यात वायरमन होते. मी तिथं राहायला गेलो त्याच्या बरीच वर्षं आधी ते गेले. अक्कांना गाडी चालवता येत नव्हती, गाडी विकायची नव्हती, म्हणून त्या भाडेकरू असा निवडायच्या. माझ्या आधीचा भाडेकरू बँकेत होता. त्याच्याबद्दल अक्कांचं एकच मत होतं, की तो क्लचवर पाय ठेवून बसायचा. माणूस म्हणून तो कसा होता हे मला चार वर्षांत कळलं नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझी जी शोभा झाली ती या विषयामुळेच.

भाडेकरूच्या कामांची यादी तोंडी होती, पण पक्की. रोज सकाळी अक्का देवाजवळ अगरबत्ती लावायच्या, त्याच वेळी मी खाली येऊन गाडी चालू करायची आणि अगरबत्ती अर्धी जळेपर्यंत जागेवरच चालू ठेवायची. मग बंद. इंजिनाखाली रोज वर्तमानपत्राचा एक कागद पसरलेला असायचा. सकाळी अक्का तो काढून बघायच्या, थेंब किती पडले ते. एरवी एखादा असायचा. आठवड्यातून एकदा तेलाची पट्टी बाहेर काढायची, म्हणजे इंजिनात तेल किती आहे ते दाखवणारी लोखंडी पट्टी. ती पुसायला नानांच्या जुन्या सदऱ्याचा तुकडा होता. तो तुकडा अक्का स्वतः धुवायच्या आणि घरातल्या कपड्यांबरोबर दोरीवर वाळत घालायच्या. पट्टीवरचं तेल त्या अंगठा आणि बोटात चोळायच्या, वास घ्यायच्या आणि निकाल द्यायच्या. "माणूसना पोटमा काय शे ते कळत नही. हिना पोटमा काय शे ते पट्टीवर दिखस."

आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे महिन्यातला दुसरा रविवार. त्या दिवशी एरंडोलला जायचं. तिथं अक्कांची थोरली बहीण होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणावर होती. सुना चांगल्या होत्या, पण म्हातारीचं जेवण तुटलं होतं. दोन घास खाऊन ताट सरकवायची. अक्का वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेऊन जायच्या, शेजारी बसून भरवायच्या, आणि त्या एका दिवशी ती पोटभर जेवायची. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. जेवून झालं की दोघी हातात हात घेऊन बसायच्या. फारसं बोलायच्या नाहीत.

आता कोणी म्हणेल, धुळ्याहून एरंडोलला तासातासाला एसटी आहे, त्यासाठी म्हातारी गाडी कशाला सांभाळायची? तर अक्कांना गाडी लागायची. एसटी लागायची, जीप लागायची, पुतण्याची नवीकोरी गाडीही लागायची. वाटेतलं फागणं येईपर्यंत त्यांचा चेहरा पिवळा पडायचा आणि मुकटी यायच्या आत पिशवी काढावी लागायची. फक्त नानांच्या गाडीत त्यांना काही होत नसे. ती बंद पडली तर एरंडोल बंद, आणि एरंडोल बंद म्हणजे तिकडच्या म्हातारीचं महिन्याचं ते एक जेवणही बंद. गल्लीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून तर अगरबत्तीच्या वेळेला कुणी हसत नसे.

पहिल्या खेपेला मी फार अवघडून गेलो होतो. अक्का पुढच्या सीटवर माझ्याकडे तिरक्या वळून बसल्या आणि धुळं सोडल्यापासून एकटक बघायला लागल्या. मला वाटलं, माझ्याकडेच बघताहेत. मी केस सारखे केले, कॉलर बघितली. शेवटी पारोळ्याजवळ न राहवून विचारलं, "अक्का, काही चुकतंय का माझं?"

"तुले कोण देखस? मी दिवा देखी राहिनू."

स्टिअरिंगमागच्या काचेत तेलाचा एक दिवा असतो. शेंगदाण्याएवढा, लाल. इंजिनातल्या तेलाचा दाब उतरला की तो लागतो. गाडी घेतली त्याच वर्षी नानांनी अक्कांना काम नेमून दिलं होतं: "मी रस्ता बघतो, तू दिवा बघ. लागला की सांग." तेव्हापासून गाडी चालू असेपर्यंत अक्कांनी दुसरीकडे पाहिलं नव्हतं. पारोळ्याचा किल्ला कधी पाहिला का विचारलं तर म्हणाल्या, ऐकलाय. आणि डोळे एका जागी ठरलेले असल्यामुळेच त्यांना या गाडीत मळमळत नसावं, असं मी शास्त्रीय अनुमान काढलं. ते बरोबर होतं की नाही देव जाणे, पण घरी आल्यावर ते मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

माझा असा स्वभाव आहे की माहीत असलेली गोष्ट माझ्या पोटात राहत नाही. दुसऱ्या वर्षी मी एकदा तेल ओतायच्या तोंडाचं झाकण उघडून आत बोट फिरवलं. बोटाला काळा, चिकट गाळ लागला, डांबरच म्हणा. कारणही माझ्या लगेच लक्षात आलं. रोज जागेवर दहा मिनिटं चालवून बंद केलेलं इंजिन कधी पुरतं तापतच नाही. आतलं पाणी उडत नाही, धूर निघून जात नाही, आणि तेलाचा गाळ होत जातो. म्हणजे अक्का रोज सकाळी अगरबत्ती लावून भक्तिभावानं गाडीचा घसा दाबत होत्या. इंजिनातून बारीक टकटक येत होती तीही यामुळेच.

मी चाळीसगाव रोडवरच्या चाचांना विचारलं. चाचा नानांच्या काळापासून या गाडीचे मिस्त्री. ते म्हणाले, "मास्टर, पुराना इंजन है. इसको जोर से मत धोओ. वही तेल डालो, जरा जल्दी जल्दी बदलो. धीरे धीरे साफ होगा."

मला हे अडाणीपणाचं वाटलं. मोबाइलवर मी चार-पाच चित्रफिती पाहिल्या होत्या. त्यात एक गोरागोमटा माणूस जुन्या तेलात एक बाटली ओततो, इंजिन दहा मिनिटं चालवतो, काळं पाणी खाली सोडतो आणि आतून सगळं लखलखीत. मग त्यात पातळ, महागातलं, नव्या गाड्यांना घालतात ते तेल. मी वर्गात मुलांना द्रवाची श्यानता शिकवायचो, म्हणजे पातळपणा आणि घट्टपणा. पातळ तेल कोपऱ्याकोपऱ्यात लवकर पोचतं हे मी फळ्यावर सिद्ध करून दाखवलेलं. तेव्हा एका शनिवारी अक्कांना म्हटलं, "गाडीचं तेल बदलून आणतो."

"कोणतं टाकशी?"

"तेच. नेहमीचं."

ही पहिली थाप. आग्रा रोडवरून बाटली घेतली, एका धुलाई केंद्रावर इंजिन आतून धुतलं, पातळ तेल भरलं. गाडी अशी गुळगुळीत चालायला लागली की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. सकाळी अक्कांनी पट्टी काढली, थेंब बोटात चोळला, परत चोळला. म्हणाल्या, "हाई आपलं तेल नही."

"तेच आहे, अक्का. कंपनीनं डबा बदललाय."

ही दुसरी थाप.  अक्कांनी खालचा कागद काढून मला दाखवला फक्त. त्यावर पाच थेंब होते.

अक्कांच्या स्वयंपाकघरात तेलाची एक पितळी बुधली होती. वर्षा-दोन वर्षांत तिला बाहेरून चिकटा धरायचा. मी एकदा त्यांना सोडा आणि तारेची घासणी आणून दिली होती. त्यांनी ती तशीच फळीवर ठेवली आणि बुधलीला ताजं शेंगदाण्याचं तेल लावून बसल्या. रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी फडक्यानं पुसलं, परत तेल लावलं. तिसऱ्या दिवशी पितळ दिसायला लागलं. "तेलना चिकटा तेलच काढस," असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. मी हसलो होतो. खरं तर आमच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातसुद्धा हेच वेगळ्या शब्दांत लिहिलेलं आहे, पण शहाणा माणूस पुस्तकातली गोष्ट पुस्तकातच ओळखतो.

तेल बदललं त्याच्या पुढच्या आठवड्यातला रविवार महिन्यातला दुसरा होता. भरिताचा डबा अक्कांच्या मांडीवर, त्यांची नजर दिव्यावर, आणि मी खुशीत. मुकटी मागे पडली आणि अक्का एकदम म्हणाल्या, "आवाज बदली गया. गाडी बंद कर."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. म्हटलं, "अक्का, दिवा लागला का? तुम्हीच बघताय ना. नाही ना लागला? तेलाचा दाब उतरला असता तर दिवा लागला असता."

"दिवा ऱ्हाऊ दे. बंद कर पहिले!"

इतक्या दिवसांत दिवा राहू दे असं त्या पहिल्यांदा म्हणत होत्या. त्या आवाजानं मी दचकलो आणि गाडी कडेला घेऊन चावी फिरवली. फिरवता फिरवता मलाही ऐकू आलं, कोरड्या लोखंडाचं खडखडणं. मग सगळं शांत.

त्या शांततेत अक्कांनी मला विचारलं, "हिले काय पाजं तू?"

मी सगळं सांगितलं. बाटली, पातळ तेल, दोन्ही थापा. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हतारा माणूसले कोणी एकदम जुलाब देस का?" डबा सावरत म्हणाल्या, "तेल बदलं ते बदलं. डबा बदलना आसं नही सांगनं व्हतं." मी मुलांना कॉपी करताना पकडतो तेव्हा जे बोलतो ते सगळं मला त्या वेळी आठवलं. लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

मी म्हटलं, परत जाऊ. अक्का डबा घेऊन खाली उतरल्या होत्या. "ती वाट देखत व्हई," म्हणाल्या. गाडी कडेच्या चहावाल्याच्या भरवशावर सोडली, चाचांना फोन केला आणि आम्ही एसटीनं एरंडोलला गेलो. अक्कांना दोनदा उलटी झाली. पिशवी मी धरली होती. डबा मात्र त्यांनी शेवटपर्यंत माझ्या हातात दिला नाही. बहिणीच्या घरी पोचल्यावर त्या उभ्याही राहू शकत नव्हत्या. थोरलीच्याच अंथरुणावर, तिच्या शेजारी, आडव्या झाल्या. त्या दिवशी भरवायचं राहून गेलं. थोरली स्वतःच्या हातानं थोडंसं जेवली आणि उरलेला वेळ अक्कांच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. मी ओट्यावर बसून होतो. मला आत जायचा धीर झाला नाही.

चाचांनी गाडी दोरीनं ओढत धुळ्याला नेली आणि खालचं चेंबर उघडलं. तेल वर खेचून घ्यायची जी जाळी असते ती दिसतच नव्हती. वर्षानुवर्षं भिंतीला धरून बसलेला गाळ माझ्या बाटलीनं एकदम सुटला होता आणि जाळीवर जाऊन बसला होता. इंजिनाला तेल मिळत नव्हतं. आणखी दोन-तीन किलोमीटर चालली असती तर ते जागच्या जागी आवळलं असतं आणि भंगारात गेलं असतं. "अक्काने बचा लिया," चाचा म्हणाले.

"पण चाचा, दिवा का नाही लागला?"

चाचांनी काच सोडवली, मागे हात घातला आणि मला दाखवलं. "होल्डर खाली है, मास्टर. बल्ब जला नहीं, किसी ने निकाला हुआ है. बहोत साल पहले."

मी बघतच राहिलो. चावी फिरवली की क्षणभर सगळे दिवे लागतात. त्यातला हा एक लागत नाही, हे भौतिकशास्त्राच्या मास्तरला दीड वर्षात दिसलं नव्हतं. आणि काढला कोणी असणार? ज्यांच्या घरात जिन्याखालचासुद्धा बल्ब कधी गेलेला राहिला नाही त्या वायरमन नानांशिवाय कोण? आता हे अक्कांना कसं सांगायचं, की इतकी वर्षं तुम्ही ज्याच्यावर लक्ष ठेवलंत तिथं काही नव्हतंच? आणि नानांनीच काढून टाकलं होतं? मी चाचांना म्हटलं, काही बोलू नका, गुपचूप नवा बल्ब टाका.

तेल कोणतं घालायचं हे या खेपेला अक्कांच्या पायरीवर ठरलं. मी शेंगा फोडत बसलो होतो. चाचा म्हणाले, साधं, जाडं, डब्यावर वीस-पन्नास लिहिलेलं. अक्का म्हणाल्या, बुधलीसारखं. म्हणजे थोडे दिवस चालवायचं, काढायचं, परत तेच ताजं घालायचं. दर पाचशे किलोमीटरला, चार वेळा. घाण त्या तेलाबरोबर हळूहळू निघेल, कुठं अडकणार नाही. चाचांनी अगरबत्तीही बंद करायला सांगितली. त्यावर अक्का दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू मीच त्यांना पढवलं होतं. मग तडजोड झाली. रोज जागेवर चालवायची नाही, त्याऐवजी दर गुरुवारी सोनगीरपर्यंत जाऊन यायचं, म्हणजे इंजिन नीट तापतं. अगरबत्ती अक्का गाडीसमोर नुसती ओवाळायला लागल्या. पहिल्या पाचशेला निघालेलं तेल काळंकुट्ट होतं. चौथ्या वेळचं नानांच्या सदऱ्याच्या तुकड्यावर काकवीसारखं उतरलं, आणि कागदावरचा थेंब पुन्हा एकावर आला.

पण बल्बाचं वेगळंच झालं. नवा बल्ब टाकून आम्ही एरंडोलला निघालो. चावी फिरवल्यावर दिवा क्षणभर लागून विझला तेव्हा अक्का एकदम पुढे वाकल्या. पारोळ्याच्या गर्दीत गाडी जागेवर थांबली आणि दिवा बारीक लुकलुकला. "बंद कर!" अक्का ओरडल्या. मी बंद केली. पट्टी बघितली, तेल पुरतं होतं. पुढे टोलनाक्याशी परत लुकलुकला, परत ओरडल्या. मागचे ट्रकवाले काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. एरंडोलला जाऊन येईपर्यंत सहा वेळा गाडी बंद केली. परतताना त्या गाडीत अक्कांना पहिल्यांदा मळमळलं. चाचांनी दाब मोजून बघितला. म्हणाले, काही बिघडलेलं नाही, जुनं इंजिन तापलं की जागेवर असताना दिवा असा मिचमिचतोच, चाललं की ठीक.

त्या संध्याकाळी मी गाडीत एकटाच बसलो. नानांना मी कधी पाहिलेलं नाही, भिंतीवरच्या फोटोपलीकडे. पण काचेमागे हात घालून तो बल्ब चिमटीत धरला तेव्हा मला कळलं की या माणसानं याच सीटवर बसून हेच केलं असणार. बल्ब काढला आणि खिशात टाकला. त्या दिवसापासून पट्टी मी रोज बघायला लागलो. आवाजाकडेही कान ठेवायला लागलो.

मागच्या वर्षी माझी बदली जळगावला झाली. खोलीत आता एक परिचारिका राहते. ती गाडी माझ्यापेक्षा चांगली चालवते असं अक्कांनी मला फोनवर तीनदा सांगितलंय. किल्ली देताना मी तिला सगळं नीट समजावलं. तेल वीस-पन्नासच, पट्टी रोज, गुरुवारी सोनगीर. आणि तेलाचा दिवा लागणार नाही, तिथं बल्ब नाही, तो घालू नकोस. ती म्हणाली, "मग अक्का बघतात काय?" मी म्हटलं, ते तुला पारोळ्यापर्यंत कळेल.

मला स्वतःला ते कळलं बल्ब काढल्यानंतरच्या रविवारी. सकाळी चावी फिरवली. बाकीचे दिवे लागून विझले, तो एक लागला नाही. अक्का त्या काळ्या ठिपक्याकडे बघत होत्या. मी मुद्दाम रस्त्याकडे बघत राहिलो. फागणं गेलं, मुकटी गेली. जिथं गाडी बंद पडली होती ती जागा गेली. डबा मांडीवर सारखा करून अक्का हळूच म्हणाल्या, "नानास्नी बी आसंच करेल व्हतं."

माझा पाय ब्रेककडे गेला. "तुम्हाला माहीत होतं?"

"मी वरडू म्हणीसन काढी टाका त्यास्नी. त्यास्ले वाटे, माले ठाऊक नही." अक्का थोडं हसल्या. "दिवा गया, तई पासून कान लावा मी."

मग इतकी वर्षं तिथं बघत का राहिलात, असं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारायची गरज पडली नाही. गाडीचा वेग कमी झालेला त्यांच्या कानांना कळला होता. नजर न हलवता त्या म्हणाल्या, "थांबू नको. तू रस्ता देख. मी देखी राहिनू."